खिशातला सल्लागार आणि त्याची कसोटी



एखादे नवे औषध दुकानाच्या फळीवर येण्यापूर्वी त्याची परीक्षा झालेली असते, हे आपण गृहीत धरून चालतो. ते प्रथम कोणाला दिले, किती जणांना दिले, कोणाला गुण आला आणि कोणाला अपाय झाला, याचा हिशेब कोणी तरी ठेवलेला असतो. साधे किलोचे वजन घेतले तरी त्यावर सरकारी शिक्का असतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. परंतु “मन उदास आहे काय? झोप येत नाही काय? रोज दहा मिनिटे हे वापरा” असे सांगणारे एखादे अ‍ॅप आपल्या मुलाच्या मोबाईलमध्ये शिरते, तेव्हा ते कोणी तयार केले, कोणावर आजमावले, किंबहुना आजमावले तरी का, हा प्रश्न आपल्यापैकी किती जण विचारतात? मनाच्या स्वास्थ्यासाठी म्हणून निघालेल्या अशा अ‍ॅपांची संख्या जगात दहा हजारांच्या वर असावी, असा अंदाज दिला जातो. त्यांपैकी फारच थोड्यांची शास्त्रीय परीक्षा झालेली आहे. ही परीक्षा म्हणजे काय, ती कशी घेतात आणि तिच्या निकालाचा अर्थ कसा लावावा, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

यंत्राशी मन मोकळे करण्याची कल्पना वाटते तितकी नवी नाही. १९६६ साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेतील प्राध्यापक जोसेफ वायझेनबाम यांनी ‘एलायझा’ नावाचा एक संगणकीय कार्यक्रम प्रसिद्ध केला. माणसाने टंकलिखित केलेल्या वाक्यातलेच शब्द फिरवून तो उलट प्रश्न विचारी. “मला घरच्यांचा राग येतो” असे लिहिले, की “घरच्यांविषयी आणखी सांगा” अशा धर्तीचे उत्तर येई. त्यामागे समज मुळीच नव्हती. तरीही वायझेनबाम यांची स्वतःची सेक्रेटरी त्या यंत्राशी बोलू लागली आणि थोड्याच वेळात तिने त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले! या अनुभवाने ते अस्वस्थ झाले आणि पुढे १९७६ मध्ये त्यांनी संगणकाच्या मर्यादांवर एक सबंध ग्रंथच लिहिला. माणूस यंत्रापाशी मन मोकळे करतो, एवढे त्या घटनेने दाखविले. त्यामुळे त्याला बरे वाटते किंवा काय, हा प्रश्न मात्र तिने सोडविला नाही. तो सोडविण्यासाठीच चाचणी लागते.

आता अशा साधनांची गरज तरी आहे काय, हे पाहू. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात असे आढळले, की मानसिक विकार असलेल्या शंभर जणांपैकी, विकाराच्या प्रकाराप्रमाणे, ७० ते ९२ जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. तज्ज्ञ थोडे, तेही शहरात. आणि त्यांच्याकडे जाणे म्हणजे ‘डोके फिरले’ असा शिक्का बसण्याची धास्ती. शाळांची स्थिती आम्हा शिक्षकांना ठाऊकच आहे. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात कोणाचे पोट दुखते ते कळते. पण कोण रात्रभर जागते, घरची भांडणे कोणाच्या कानांत घुमत असतात, ते हजेरीपटावर उमटत नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर शोधण्याचा फार मोलाचा उद्योग आपल्या गोव्यात झाला आहे. ‘संगथ’ ही संस्था गोव्यात १९९६ साली स्थापन झाली. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी एक. या संस्थेने धरलेला धागा असा, की उपचार देणारा दर वेळी डॉक्टरच असला पाहिजे असे नाही. गावातल्याच साध्या, परंतु नीट शिक्षण दिलेल्या व्यक्तीला समुपदेशक केले तर? गोव्याच्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत सुमारे पाचशे खिन्नताग्रस्त रुग्णांवर याची चाचणी घेण्यात आली आणि २०१७ मध्ये तिचा निकाल प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीच्या उपचाराखेरीज अशा समुपदेशकांची जोड मिळाली, त्यांपैकी शेकडा ६४ जण तीन महिन्यांनंतर बरे झाले म्हणता येईल अशा स्थितीत होते. ज्यांना केवळ नेहमीचा उपचार मिळाला, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ३९ होते. श्रोत्यांनी हे दोन्ही आकडे लक्षात ठेवावेत, कारण त्यांचा उपयोग पुढे होणार आहे.

समुपदेशक गावातला झाला, तरी तो प्रत्येक शाळेत पुरा पडणार नाही. तेव्हा त्याच्या कामाचा काही भाग मोबाईलवर सोपविता येईल काय, असा विचार पुढे आला. त्यातून ‘पॉड अ‍ॅडव्हेंचर्स’ हा खेळ निघाला. माध्यमिक शाळेतील मुलांसाठी तो संगथच्या संशोधकांनी तयार केला आणि त्याच्या रचनेची हकीकत २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘पॉड’ ही तीन पायऱ्यांची आद्याक्षरे आहेत: अडचण, पर्याय आणि कृती. प्रथम अडचण नेमकी ओळखावयाची, मग तिच्यावरचे पर्याय मांडावयाचे, आणि त्यांतला एक निवडून करून पाहावयाचा.

ही पद्धत ऐकताना फार सोपी वाटते. आचरणात ती तितकी सोपी नाही. समजा, दहावीतला एक मुलगा म्हणतो, “माझे अभ्यासात डोके चालत नाही.” ही अडचण नव्हे, हा स्वतःविरुद्ध दिलेला निकाल झाला. त्याला हळूहळू विचारीत गेले, की कळते: घरात एकच खोली आहे, संध्याकाळी दूरदर्शन चालू असते, आणि त्यामुळे आठ ते दहा या वेळेत त्याचे वाचन होत नाही. ही खरी अडचण. हिला हात घालता येतो. मग पर्याय: शाळा सुटल्यावर तासभर वाचनालयात बसणे, पहाटे उठणे, शेजारच्या मित्राकडे जाणे, आईशी बोलून एक तासाची शांतता मागून घेणे. प्रत्येकाचे बरेवाईट पाहून एक निवडावयाचा, आठवडाभर करून पाहावयाचा, आणि जमले नाही तर दुसरा घ्यावयाचा. खेळात मुले हे प्रथम गोष्टीतल्या पात्रांच्या बाबतीत करतात आणि मग तीच रीत स्वतःच्या अडचणीला लावतात. दुसऱ्याच्या अडचणीवर सल्ला देणे सर्वांनाच सुचते. त्या मनुष्यस्वभावाचा येथे मोठ्या कुशलतेने उपयोग केलेला आहे.

असे साधन तयार करताना कारागिरांनी खोलीत बसून कल्पना लढवावी आणि मुलांच्या हाती तयार वस्तू द्यावी, हा मार्ग त्यांनी पत्करला नाही. मुलांच्याच बैठका घेतल्या, त्यांना अडचणी विचारल्या, कच्चा नमुना त्यांच्या हातात दिला आणि ती कोठे अडखळतात, कोठे कंटाळतात, ते पाहून बदल केले. दुसरी व्यावहारिक बाब अशी, की पुष्कळ मुलांकडे स्वतःचा मोबाईल नसतो आणि शाळेत तो आणण्यास बंदीही असते. मोबाईलवरचा उपचार योजणाऱ्याने हे लक्षात घेतले नाही, तर त्याची योजना ज्यांना सर्वांत अधिक गरज आहे त्यांनाच वगळून बसते. पॉडमध्ये समुपदेशकालाही रजा दिलेली नाही. मूल खेळते आणि मार्गदर्शक सोबत असतो.

भाषेचा प्रश्नही येथेच येतो. इंग्रजीतली प्रश्नावली शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणली, की तिचा प्राण जातो. ‘डिप्रेशन’ला आपण पुस्तकात ‘अवसाद’ किंवा ‘नैराश्य’ म्हणू. परंतु बेळगावच्या खेड्यातील बाई म्हणेल, “जिवाला घोर लागलाय,” कोणी म्हणेल, “मन लागत नाही,” आणि कोणी केवळ “डोकं जड आहे, हातपाय गळाल्यासारखे वाटतात” एवढेच सांगेल. गोव्यातले मूल घरी कोंकणी, शाळेत मराठी किंवा इंग्रजी बोलते. इंदूर-बडोद्याच्या मराठी घरांत आणखी वेगळी सरमिसळ असते. म्हणून चांगले संशोधक भाषांतर झाल्यावर ते सामान्य माणसापुढे ठेवून विचारतात, “हे वाक्य वाचून आपणांस काय समजले?” उत्तर अपेक्षेप्रमाणे आले नाही, तर चूक वाक्याची असते, वाचणाऱ्याची नव्हे.

आता मुख्य मुद्दा, कसोटीचा. कोणत्याही अशा साधनाला तीन प्रश्नांना तोंड द्यावे लागते. ते लोकांना समजते काय? लोक ते वापरतात काय? आणि वापरल्याने गुण येतो काय?

गोव्यातील माध्यमिक शाळांत पॉडची जी प्राथमिक चाचणी झाली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत २४८ विद्यार्थ्यांनी आपण होऊन भाग घेतला आणि त्यांपैकी २३० जणांनी उपक्रम पूर्ण केला. म्हणजे पहिल्या दोन प्रश्नांना उत्तम उत्तर मिळाले. मुलांनी स्वतःच्या शब्दांत नोंदविलेल्या अडचणींची तीव्रताही पुष्कळ कमी झाली. पुढे महासाथीत शाळा बंद पडल्या, तेव्हा हेच साधन दुरून मार्गदर्शन देऊनही आजमावण्यात आले. मग तिसऱ्या प्रश्नाचेही उत्तर मिळाले, असे म्हणावयाचे काय? संशोधक तसे म्हणत नाहीत, आणि त्यांचा हा संयम समजून घेण्यासारखा आहे.

शाळेतलेच उदाहरण घेऊ. सहामाही परीक्षेत सर्वांत कमी गुण मिळालेली दहा मुले निवडली आणि त्यांना रोज सकाळी एक चमचा मध दिला. वार्षिक परीक्षेत त्यांपैकी बहुतेकांचे गुण वाढलेले दिसतील. कारण सहामाहीत त्यांपैकी काही आजारी होती, काहींचा दिवसच वाईट होता. पुढच्या वेळी ती आपापल्या नेहमीच्या पातळीवर येणारच होती. मधाचे श्रेय शून्य. मनाच्या दुःखाचेही असेच आहे. माणूस मदत मागतो तो बहुधा दुःख शिगेला पोचल्यावर, आणि शिगेवरून उतारच असतो. शिवाय परीक्षा संपते, भांडण मिटते, काळ जातो. यास्तव साधन वापरणाऱ्यांच्या जोडीला, ते न वापरणारा, पण बाकी सर्व बाबतींत सारखा असा दुसरा गट हवा. आणि कोण कोणत्या गटात जाणार हे संशोधकाच्या मर्जीने न ठरता चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरले पाहिजे. मघाच्या ६४ आणि ३९ या आकड्यांचा अर्थ आता उलगडेल. एकटा ६४ हा आकडा पाहून आपण टाळ्या वाजविल्या असत्या; परंतु त्यांपैकी ३९ तर नेहमीच्या उपचारानेही बरे झाले असते. समुपदेशकांचे खरे श्रेय या दोहोंमधील अंतराचे, शंभरात पंचवीस जणांचे. आणि तेही काही थोडे नव्हे.

दिल्लीच्या सहा सरकारी शाळांत सुमारे अडीचशे विद्यार्थ्यांवर याच अडचण-पर्याय-कृतीच्या पद्धतीची अशी दोन गटांची चाचणी झाली. तेथे मोबाईल नव्हता. एका गटाला समुपदेशक आणि चित्रकथांच्या पुस्तिका मिळाल्या, दुसऱ्याला केवळ पुस्तिका. २०२० मध्ये निकाल आला तो दुहेरी: समुपदेशक लाभलेल्या मुलांच्या स्वतः सांगितलेल्या अडचणी अधिक हलक्या झाल्या, परंतु मानसिक लक्षणांच्या मोजमापात सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. असा अर्धा गोड, अर्धा कडू निकाल जसाच्या तसा छापणे, हीच शास्त्राची सचोटी होय.

दुसऱ्या गटाला काय द्यावे, यावरही निकालाचे मोल ठरते. अमेरिकेत २०१७ साली ‘वोबॉट’ नावाच्या संवाद करणाऱ्या अ‍ॅपची चाचणी झाली. १८ ते २८ वयाच्या ७० तरुणांपैकी काहींना दोन आठवडे हे अ‍ॅप दिले आणि इतरांना खिन्नतेविषयीचे एक पुस्तक वाचावयास सांगितले. अ‍ॅप वापरणाऱ्यांची खिन्नता अधिक उतरली. चिंता मात्र दोन्ही गटांची उतरली. काही तरी नवे, चकचकीत हाती आले, एवढ्यानेच बरे वाटू लागते. याला संशोधक यंत्राचा ‘प्लासिबो’ परिणाम म्हणतात. दोन आठवड्यांच्या आणि सत्तर जणांच्या चाचणीवर आयुष्यभराचा भरवसा ठेवता येत नाही, हेही उघड आहे. आणि साधन कितीही गुणी असले तरी ते टिकेलच असे नाही: ३० जून २०२५ रोजी वोबॉटचे हे अ‍ॅप कंपनीने बंद केले.

याहून मोठी चाचणी लेबनॉनमध्ये झाली. जागतिक आरोग्य संघटनेने खिन्नतेसाठी ‘स्टेप-बाय-स्टेप’ म्हणजे ‘पायरी-पायरीने’ असा पाच सत्रांचा कार्यक्रम तयार केला. सचित्र गोष्टीच्या रूपाने तो मोबाईलवर वाचता वा ऐकता येतो, आणि तज्ज्ञ नसलेला पण शिकविलेला एक सहायक आठवड्यातून जास्तीत जास्त पंधरा मिनिटे विचारपूस करतो. लेबनॉनमधील ६८० रहिवाशांवर आणि ५६९ सीरियन निर्वासितांवर झालेल्या दोन चाचण्यांचे निकाल २०२२ मध्ये आले. दोन्हींत खिन्नता दुसऱ्या गटापेक्षा अधिक कमी झाली. मात्र कार्यक्रम मधेच सोडून जाणाऱ्यांची संख्या मोठी होती.

हे सोडून जाणे म्हणजे या सर्व उद्योगाचे दुखणे आहे. मानसिक स्वास्थ्याच्या ९३ अ‍ॅपांच्या प्रत्यक्ष वापराची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. अ‍ॅप घेतल्यावर पंधराव्या दिवशी ते उघडणारे शंभरात चारही उरले नव्हते! गोव्यातल्या २४८ पैकी २३० या आकड्याशी याची तुलना करून पाहा. फरक कशाने पडला असावा? तेथे शाळेची ठरलेली वेळ होती आणि समोर विचारपूस करणारे एक माणूस होते. लेबनॉनच्या त्या पंधरा मिनिटांमागेही हाच विचार आहे.

आता अपायाकडे वळू. औषधाचे दुष्परिणाम असतात, तसे यांचेही असतात. अमेरिकेत खाण्याच्या विकारांविषयी काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये ‘टेसा’ हे संवादयंत्र मागे घेतले, कारण ज्यांना उपासमारीपासून वाचवावयाचे त्यांनाच ते वजन घटविण्याचे उपाय सांगू लागले होते. विशेष हे, की टेसाची पूर्वी रीतसर चाचणी झालेली होती. पण तेव्हा ते लिहून ठेवलेलीच उत्तरे देत असे; पुढे पुरवठादाराने त्यात स्वतः उत्तरे रचणारी कृत्रिम बुद्धी घातली. परीक्षा एकाने दिली आणि नोकरीवर दुसराच रुजू झाला, असा हा प्रकार. म्हणून रचना बदलली, की परीक्षा पुन्हा घेतली पाहिजे.

दुसरा अपाय गुप्ततेचा. आम्हा ख्रिस्ती लोकांत पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने ऐकलेले कोठेही उच्चारू नये असा कडक दंडक आहे. डॉक्टर आणि वकील यांनाही तसेच बंधन असते. यंत्राला सांगितलेले मात्र कोठे तरी साठविले जाते. फिनलंडमध्ये मानसोपचार देणाऱ्या एका कंपनीच्या दप्तरातील हजारो रुग्णांच्या नोंदी चोरीस गेल्या आणि २०२० मध्ये खुद्द त्या रुग्णांनाच पैशासाठी धमक्या आल्या. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे, आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. परंतु कायदा दाराशी उभा असला, तरी कडी आपणच लावावी लागते.

तेव्हा पालकांनी आणि शिक्षकांनी असे एखादे साधन मुलाच्या हाती देण्यापूर्वी काही गोष्टी जरूर पाहाव्यात. ते कोणी तयार केले, त्यांचे नाव-गाव उघड आहे काय? त्याची चाचणी झाली असल्यास दुसरा गट होता काय, आणि ती आपल्यासारख्या माणसांवर, आपल्या भाषेत झाली काय? लिहिलेले कोणाकडे जाते? आणि सर्वांत महत्त्वाचे: “मला जगावेसे वाटत नाही” असे मुलाने त्यात लिहिले, तर ते काय करते? जिवंत माणसापर्यंत पोचविण्याची सोय त्यात नसेल, तर बाकी सारे गुण व्यर्थ आहेत.

अशी सोय आपल्या देशात आहे, ती सांगून हे भाषण पुरे करतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, विनामूल्य, शिकविलेल्या समुपदेशकाशी भारतीय भाषांतून बोलता येते. १० ऑक्टोबर २०२४ रोजी या सेवेचे अ‍ॅपही निघाले. हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या फलकावर, हस्तलेखाच्या सुविचाराशेजारी, मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा. मुलाने तो फिरविला असे कळले, तर त्याला जाब विचारू नये, “कोणाशी बोललास?” यापेक्षा “आता कसे वाटते?” हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे, आणि तो विचारण्यास कोणतेही यंत्र लागत नाही.